लॉराची दुसरी डायरी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात 'द सीक्रेट डायरी ऑफ लॉरा पामर' या कादंबरीवर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं आणि त्यावर इतके मेल आले की संपादक म्हणाले, या वेळचं अख्खं सदर तिलाच देऊन टाक. तर देतेय. मागचा अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'ट्विन पीक्स' नावाची अमेरिकन मालिका ८ एप्रिल १९९० ला एबीसी चॅनलवर सुरू झाली, डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या दोघांनी मिळून उभी केलेली. वॉशिंग्टन राज्यातलं एक काल्पनिक गाव, लाकडाची गिरणी, धबधबा, दाट जंगल, आणि एका सकाळी पाण्याच्या काठाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एका शाळकरी मुलीचं प्रेत. लॉरा पामर. गावाची लाडकी, शाळेची होमकमिंग क्वीन, म्हणजे शाळेच्या सोहळ्यात निवडलेली राणी. तपासाला एफबीआयचा एजंट डेल कूपर येतो, आणि हळूहळू कळतं की या मुलीला गावात कुणीच धड ओळखत नव्हतं. कादंबरी म्हणजे तिचीच गुप्त डायरी, लिहिणारी जेनिफर लिंच, म्हणजे डेव्हिडची मुलगी.

खुन्याचं नाव एकाच उत्तरात आलंय आणि तिथे आधी सांगितलंय, पण फाटलेल्या पानांच्या उत्तरातही अंदाज येईल असं काही आहे. मालिका बाकी असेल तर ती दोन सोडून वाचा. नंतर मला शिव्या घालू नका.

ताई, मी मालिका बघितलेली नाही. पुस्तक हाताशी आहे. आधी वाचलं तर चालेल का?
– अर्धवट तयारीतला

चालेल, पण मजा निम्मी होईल. १९९० च्या लोकांनी ज्या क्रमाने घेतलं त्याच क्रमाने घ्या असं मी म्हणेन. पहिल्या सीझनचे पायलट, म्हणजे सुरुवातीचा भाग, धरून फक्त आठ भाग आहेत. ते संपले तेव्हा खुनी सापडला नव्हता, लोकांचा जीव टांगणीला लागलेला, आणि मग १५ सप्टेंबर १९९० ला हे पुस्तक आलं आणि ३० सप्टेंबरला दुसरा सीझन सुरू झाला. म्हणजे मधले पंधरा दिवस लोकांकडे फक्त ही डायरी होती, आणि ती त्यांनी पुरावा म्हणून वाचली, पेन्सिल घेऊन खुणा करत. न्यूयॉर्क टाइम्सच्या पेपरबॅक यादीत ती चौथ्या नंबरापर्यंत गेली ती उगाच नाही. तुम्ही आठ भाग बघा, मग पुस्तक, मग पुढचे बावीस भाग. पुस्तकात खुन्याचं नाव सरळ लिहिलेलं नाही, पण लक्ष देऊन वाचणाऱ्याच्या पोटात अर्ध्यावरच गोळा येतो.

पायलटमध्ये पोलिसांना लॉराची डायरी मिळते ना? मग ही गुप्त डायरी कुठून आली? की पुस्तक खपवायला नंतर घुसडली?
– शंकेखोर

थोडीशी घुसडली आहेच हो, पण इतकी छान की मला तक्रार करावीशी वाटत नाही.

पहिली डायरी तिच्या खोलीत सापडते, छोटं कुलूप असलेली. कूपर ती उघडतो, आत बँकेच्या लॉकरची किल्ली निघते, आणि शेवटच्या दिवसाच्या नोंदीत काय, तर आज जेवायला परत अ‍ॅस्परॅगस होतं, मला ते आवडत नाही. आणि 'जे' अक्षराच्या कुणाला तरी रात्री भेटायचंय त्याची धाकधूक. पहिल्यांदा बघताना आपण 'जे'च्या मागे धावतो, कारण रहस्यकथेने आपल्याला तशी सवय लावलेली असते. मला मात्र परत बघताना ते अ‍ॅस्परॅगस टोचलं. मरणाच्या दिवशी मुलगी भाजीबद्दल कुरकुर लिहितेय, आणि ते खोटं नाहीये, फक्त आईच्या हातात पडलं तरी चालेल असं आहे. ती डायरी दाखवायची होती. घरात उघड्यावर ठेवलेल्या डायरीत कुणी कधी खरं लिहिलंय का, तुम्हीच सांगा.

दुसरी डायरी दुसऱ्या सीझनमध्ये येते. लॉरा गावात मील्स ऑन व्हील्सचं काम करायची, म्हणजे घराबाहेर पडू न शकणाऱ्या लोकांना जेवणाचे डबे पोचवायचं. त्यातला एक हॅरल्ड स्मिथ, घराचा उंबरा ओलांडला की ज्याला धाप लागते असा माणूस, घरात ऑर्किड वाढवतो आणि लोकांच्या गोष्टी जमवतो. लॉराने तिची खरी डायरी त्याच्याकडे ठेवायला दिलेली. विचार करा, अख्ख्या गावातून तिने निवडला कोण, तर जो बाहेर पडून कुणाला काही सांगूच शकत नाही असा एकटा माणूस. तिची मैत्रीण डोना ती डायरी मिळवायला जाते तेव्हा त्याचं जे होतं ते मी सांगत नाही, पण मालिकेतल्या सगळ्या मृत्यूंमध्ये तो मला सर्वात जास्त लागला. तुम्ही वाचता ती कादंबरी म्हणजे ही हॅरल्डकडची डायरी, असं धरायचं.

वडील डेव्हिड लिंच म्हणून बावीस वर्षांच्या पोरीला पुस्तक लिहायला मिळालं. सरळ वशिला. तुम्ही त्यावर एक शब्द लिहिला नाहीत!
– स्पष्टवक्ता

लिहिते की. वशिला होताच. १९९० ला ती बावीसचीच होती, आधीची एकही कादंबरी नावावर नाही, आणि अमेरिकेतल्या त्या वर्षीच्या सर्वात गाजलेल्या मालिकेचं पुस्तक तिला मिळालं. शिवाय खुनी कोण हे तिला आधीच सांगितलेलं होतं, जे मालिकेतल्या बहुतेक नटांनाही माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट आहे जी तिने मुलाखतींत सांगितलीय. बारा वर्षांची असताना ती वडिलांना म्हणाली होती की मला दुसऱ्या एखाद्या मुलीची डायरी सापडायला हवी, म्हणजे मला ज्याची भीती वाटते, जे विचार येतात, तेच तिलाही येतात का ते कळेल. वडिलांनी ते लक्षात ठेवलं असावं. कादंबरीची पहिली नोंद २२ जुलै १९८४ ची, लॉराच्या बाराव्या वाढदिवसाची, आणि मला तो आकडा योगायोग वाटत नाही. कव्हरवरही 'लेखिका' असं येत नाही, 'जेनिफर लिंच यांना दिसली तशी' अशा अर्थाचं काहीतरी येतं. ते वाचून मी आधी नाक मुरडलं होतं, वाटलं मार्केटिंगचा चावटपणा आहे. पुस्तक संपल्यावर वाटलं की बरोबरच आहे ते. आणि बाराव्या वर्षीच्या पानांतला आवाज चाळिशीच्या कुणा मुरलेल्या लेखकाला जमला असता का याबद्दल मला दाट शंका आहे, तो मोठा माणूस लहान मुलीची नक्कल करतोय असं लगेच कळलं असतं. इथे ते कुठेच जाणवत नाही.

(आणि हो, तिघांनी विचारलंय म्हणून: २०१० चा मल्लिका शेरावतचा 'हिस्स' दिग्दर्शित करणारी ती हीच. त्या सिनेमाचं अंतिम संकलन आपलं नाही असं तिने जाहीरपणे सांगितलेलं आहे, त्यामुळे त्यावरून तिला जोखू नका.)

रहस्यकथा आणि डायरी यांचं जमतं कसं? डायरी लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, मग रहस्य राहतं कुठे? मी स्वतः एक थ्रिलर लिहायला घेतलाय, डायरीच्या फॉर्ममध्ये, आणि तिसऱ्याच चॅप्टरला अडकलोय.
– होऊ घातलेला लेखक

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

तुम्ही अडकलात कारण तुमचा डायरीवाला वाचकाला गोष्ट सांगत बसलाय. (तीन पानं पाठवलीत ती वाचली मी. 'माझी बायको, जिच्याशी माझं सात वर्षांपूर्वी लग्न झालं' असं स्वतःच्या डायरीत कोण लिहितं?) डायरीत माणूस स्वतःला माहीत असलेलं लिहीतच नाही. ज्याची लाज वाटते त्याला तो वळसा घालतो, ज्याची भीती वाटते त्याचं नाव बदलतो, आणि जे कळलेलं आहे पण मान्य करायचं नाही त्याच्या आसपास घिरट्या घालत राहतो. रहस्य तिथे राहतं. लॉरा खोटं बोलत नाही, तिला स्वतःलाच अर्धं माहीत आहे, आणि उरलेलं अर्धं कळू नये म्हणून तिचं मन जिवापाड धडपडतंय. आपण वाचणारे तिच्यापेक्षा दोन पावलं पुढे जातो आणि तिला हाक मारता येत नाही. खुनी कोण ही उत्सुकता यापुढे फारच पातळ पडते.

दुसरं म्हणजे भाषेचं वय. सुरुवातीची लॉरा छोट्या छोट्या वाक्यांची, वाढदिवस, घोडा मिळाला त्याचा आनंद, मांजर, डोनाशी गट्टी, पाळी कधी येणार. ट्रॉय नावाच्या त्या तट्टाबद्दल ती जे लिहिते ते कुठलीही बारा वर्षांची मुलगी लिहील. मग वाक्यं लांबत जातात, शब्द मोठे होतात, कविता येतात (कविता मला झेपल्या नाहीत, पण त्या वयाच्या कविता अशाच असतात), कोकेन येतं, पुरुष येतात, आणि एक कोरडा, स्वतःवरच हसणारा आवाज तयार होतो. कुठल्या पानावर ती लहान राहिली नाही ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मी दुसऱ्या वेळी मुद्दाम शोधत वाचलं, तरी नाही सापडलं.

तिसरी गोष्ट, आणि ही तुम्ही खुशाल चोरा: फाटलेली पानं. मध्येच एक नोंद असते की इथलं पान फाडलेलं आहे, सापडलं तसं. बस एवढंच. आता बघा या दोन-तीन शब्दांत काय काय आहे. कुणीतरी पान फाडलं. कुणाला तरी ही डायरी नंतर सापडली. आणि तिसरंच कुणीतरी ती नीट लावून, जिथे पान नाही तिथे तशी नोंद करून आपल्या हातात देतंय. म्हणजे ही नोंद लॉराची नाही, ती मेल्यानंतरची आहे, आणि पुस्तकभर तो परका, ऑफिसातला कोरडा हात मधूनमधून दिसत राहतो. आपण मैत्रीण म्हणून वाचत असतो आणि तेवढ्यात लक्षात येतं की आपण पोलिसांच्या टेबलाशी बसलोय.

शेवटच्या नोंदीवर तारीखच नाही. तिथे ती म्हणते की तो कोण आहे ते मला आता नक्की कळलंय, कुणाला तरी सांगायलाच हवं आणि त्यांना ते पटवायला हवं, आणि माझ्या डायरीतली पानं कुणीतरी फाडलीत. नाव मात्र लिहीत नाही. पहिल्यांदा वाचताना मी चिडले, म्हटलं ही लेखिकेची लबाडी आहे, दुसऱ्या सीझनचं गुपित सांभाळायचंय म्हणून नाव गाळलंय. ते खरंही आहे. पण मग वाटलं, ज्या घरात डायरी फाडली जाते त्या घरात बसून ती ते नाव कागदावर उतरवेल तरी कशी? धंद्याची गरज आणि पात्राची गरज इथे एकाच जागी येऊन बसल्यात, असं नशीब लेखकाला क्वचित लाभतं. त्यानंतर परत तो कोरडा हात येतो आणि सांगतो की यानंतर काही दिवसांनी ती मृत सापडली.

तेव्हा तुमच्या नायकाला विचारा की तुझी डायरी कुणाच्या हाती पडायची तुला भीती वाटते. त्याला उत्तर देता येत नसेल तर त्याने डायरी लिहू नये, सरळ गोष्ट सांगावी.

बॉब म्हणजे नक्की काय? भूत आहे की तिच्या डोक्यातलं? माझं आणि नवऱ्याचं यावरून तीन दिवस वाजलंय.
– रात्री जागणारी

(इथे खुन्याचं नाव आहे. पुढच्या प्रश्नावर जा.)

तीन दिवस म्हणजे काहीच नाही, लोक पस्तीस वर्षं भांडतायत.

आधी बॉब, म्हणजे लॉराला रात्री छळणारा तो, आला कसा ते सांगते, कारण ती गोष्ट भन्नाट आहे. फ्रँक सिल्वा हा सेटवर सामान लावणारा माणूस होता, नट नव्हे. पायलटच्या वेळी लॉराच्या खोलीत फर्निचर सरकवत असताना कुणीतरी गमतीत म्हणालं की बघ हं, आतच अडकून बसशील, आणि ते ऐकून डेव्हिड लिंचच्या डोक्यात काहीतरी चमकलं. त्याने सिल्वाला पलंगाच्या पायथ्याशी दबा धरून बसवलं आणि शूट करून ठेवलं, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. मग लॉराच्या आईच्या एका शॉटमध्ये मागच्या आरशात चुकून सिल्वाच दिसला आणि लिंचने तो शॉट ठेवून दिला. बॉबचा जन्म असा अपघाताने झालेला. आता जेनिफरची पंचाईत बघा, सेटवर अपघाताने जन्मलेला हा बागुलबुवा तिला बारा वर्षांच्या मुलीच्या खोलीत, रोज रात्री, आणायचा होता, आणि तो खरा वाटायला हवा होता.

तिने जे केलं ते मला मालिकेपेक्षाही धाडसी वाटतं. १० नोव्हेंबर १९९० च्या भागात मालिकेने सांगून टाकलं की खुनी लॉराचा बाप लेलंड आहे आणि बॉब त्याच्या अंगात येतो. नंतर लेलंड मरतो तेव्हा कूपरच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो, मी लहान असताना तो माझ्या आत शिरला म्हणतो, त्याला लॉरा प्रकाशात दिसते, आणि मग सगळे पुरुष जंगलात उभं राहून चर्चा करतात की बॉब खरंच होता का. लेलंड झालेल्या रे वाईजने काम जबरदस्त केलंय, मी दर वेळी रडते, आणि दर वेळी नंतर मला स्वतःचाच राग येतो. कारण तिथे बापाला सुटायला एक दार ठेवलंय. मी नव्हतो, तो होता.

पुस्तकात ते दार नाही, कारण डायरी त्याच्या आधीच संपते. तिथे फक्त मुलगी आहे, जिला रात्री कुणीतरी जंगलात नेतं, सकाळी बाबा प्रेमाने बोलतात, आणि ही दोन माणसं एकच आहेत हे तिचं मन तिला जोडू देत नाही. म्हणून ती त्याला वेगळा चेहरा देते, वेगळं नाव देते. पुढे पुढे तिच्या वाक्यांमध्येच त्याचा आवाज घुसायला लागतो, डायरीसुद्धा तिची एकटीची राहत नाही. मग तो भूत आहे की नाही? माझ्या मते पुस्तक वाचताना हा प्रश्न पडणं हेच थोडंसं पळ काढणं आहे, कारण भूत असलं तरी तिच्या वाट्याला जे आलं त्यात काडीचा फरक पडत नाही. तुमचा नवरा भुताच्या बाजूने असेल असा माझा अंदाज आहे. मालिकेपुरता तो बरोबर आहे, सांगा त्याला. पुस्तकापुरत्या तुम्ही.

माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने शाळेतल्या मैत्रिणीकडून हे पुस्तक आणलंय. डायरी आहे, भाषा सोपी आहे, टीनएजर्ससाठीच असावं असं वाटलं. वाचू देऊ ना?
– एक आई

भाषा सोपी आहे, तोच तर धोका आहे. पहिली वीस पानं बघून कुणालाही वाटेल की शाळकरी मुलींचं पुस्तक आहे. पुढे लैंगिक अत्याचार, ड्रग्ज, पैशासाठी शरीर, मरणाची ओढ, सगळं आहे आणि ते आतून लिहिलेलं आहे, लांबून नाही. माझं मत विचाराल तर चौदाला नको, सतरा-अठराला हो. पण पुस्तक घरात आलेलंच आहे, आता हिसकावून घेतलंत तर ती ते मैत्रिणीच्या घरी बसून पूर्ण करेल. आधी तुम्ही वाचा. दोन रात्रींचं काम आहे. आणि वाचून झाल्यावर भाषण देऊ नका, नुसतं 'मीही वाचलं' एवढं म्हणा आणि बघा ती काय बोलते. आणखी एक, तिची स्वतःची डायरी असेल तर तिला हातसुद्धा लावू नका.

नाव छापू नका. पुस्तक एका दमात वाचलं आणि झोप उडाली. लॉरासारखं सगळं नाही, पण एक गोष्ट माझ्याही बाबतीत झालेली आहे, लहानपणी, घरातल्याच माणसाकडून. कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का लिहितेय तेही कळत नाही.

तुम्हाला वेगळं मेल केलंय, ते बघा. इथे थोडंच लिहिते, कारण तुमच्यासारखं आणखी कुणी हे पान वाचत असेल.

तुम्ही लिहिलंत ते मला खरं वाटतं, आणि त्यात तुमची चूक नव्हती. लॉराकडे माणसं होती. डोना होती, मानसोपचारवाले डॉक्टर जॅकोबी होते ज्यांना ती टेप रेकॉर्ड करून पाठवायची, हॅरल्ड होता. प्रत्येकाला तिने एकेक तुकडा दिला आणि पूर्ण कुणालाच सांगू शकली नाही. तुम्ही एका अनोळखी बाईला चार ओळी लिहिल्यात, तो पहिला तुकडा झाला. दुसरा कुठल्या तरी समुपदेशकाला किंवा डॉक्टरला द्या, आणि शक्यतो एकाच माणसाला सगळा द्या. पुस्तक परत उघडू नका सध्या.

फाटलेल्या पानांचं पुढे काय झालं? कुणाला सापडली का?
– पेन्सिलवाला

सापडली, पण सत्तावीस वर्षांनी! २०१७ मध्ये अठरा भागांचा तिसरा सीझन आला, शोटाइम चॅनलवर. त्यात डेप्युटी हॉकला पोलिस ठाण्याच्याच स्वच्छतागृहात, एका दाराच्या पत्र्याच्या आत कोंबलेली तीन पानं मिळतात. हातातलं नाणं खाली पडतं, ते उचलायला वाकतो आणि दारावरची कंपनीची पाटी दिसते, तिथून सगळं. एक पान अजूनही गायबच आहे म्हणे. हॉकचा तर्क असा की लेलंडला चौकशीला आणलं होतं तेव्हा त्यानेच ती तिथे लपवली असणार. म्हणजे इतकी वर्षं पोलिस ज्या दाराच्या आड रोज जाऊन येत होते त्यातच पुरावा होता, लिंचचा हा विनोद मला फार आवडतो.

पण ती पानं कादंबरीला जोडायला जाऊ नका, नीट बसत नाहीत. त्यातल्या एकावरचा मजकूर १९९२ च्या 'फायर वॉक विथ मी' या सिनेमातला आहे, लॉराच्या शेवटच्या सात दिवसांचा जो सिनेमा आला होता तो. दुसऱ्या सीझनमध्ये डोनाला एका पाकिटातून जे पान मिळतं, त्या लाल खोलीच्या स्वप्नाचं, तेही छापील कादंबरीत नाही. तारखांचाही घोळ आहे. जुलै १९८४ ला बारा पूर्ण म्हणजे फेब्रुवारी १९८९ ला, खुनाच्या वेळी, ती सोळाची हवी, आणि सगळीकडे तिला सतराची म्हणतात. पुस्तक दोन सीझनच्या मधल्या उन्हाळ्यात घाईत बाहेर काढलेलं होतं, पुढची पटकथा अजून तयार होत होती, तेव्हा असं होणारच. आणि काहीही जुळलं नाही की 'ते फाटलेल्या पानात होतं' म्हणायची सोय त्यांनी करूनच ठेवलीय, हुशार लोक.

अशी आणखी पुस्तकं आहेत का या मालिकेची?
– अजून हवंय

आहेत. १९९१ मध्ये एजंट कूपरचं आत्मचरित्र आलं, स्कॉट फ्रॉस्टने लिहिलेलं, म्हणजे मार्क फ्रॉस्टचा भाऊ, इथेही घरचाच माणूस! ते टेपवर बोललेलं आहे अशा थाटात आहे आणि बरंच हलकंफुलकं आहे, लॉराच्या डायरीनंतर उतारा म्हणून छान. त्याच वर्षी गावाचं खोटं खोटं टुरिस्ट गाइडही निघालं. मार्क फ्रॉस्टची दोन मात्र खूप नंतरची, २०१६ आणि २०१७ ची, सरकारी फायलींच्या रूपातली, ज्यांना कोडी सोडवायला आवडतात त्यांच्यासाठी. मला ती हुशार वाटली पण मन लागलं नाही.

ऑडिओबुक चांगलं आहे की छापील वाचू? माझा प्रवास खूप असतो.
– गाडीतला श्रोता

छापील आधी, कारण फाटलेलं पान डोळ्यांनी दिसायला हवं. पण ऑडिओ सोडू नका, आणि एकटे असाल तेव्हाच ऐका. २०१७ मध्ये निघालेलं आहे आणि वाचलंय शेरिल लीने, म्हणजे लॉराचं काम करणाऱ्या नटीनेच. तिला सिअ‍ॅटलमधून पायलटपुरतं फक्त प्रेत म्हणून घेतलेलं होतं, प्लास्टिकमध्ये निपचित पडून राहायचं एवढंच काम. मग लिंचला ती इतकी आवडली की लॉराच्या हुबेहूब दिसणाऱ्या, नात्यातल्या बहिणीचं पात्र काढून तिला परत आणलं, आणि १९९२ चा अख्खा सिनेमा तिच्या खांद्यावर उभा केला. तरी डायरी तिच्या आवाजात यायला २०१७ उजाडलं, तोवर ती पन्नाशीची झालेली. सुरुवातीलाच बारा वर्षांच्या मुलीचा वाढदिवस, डायरी भेट मिळाल्याचा आनंद, घोडा, आणि वाचणारी बाई पुढे काय होणार ते जाणते, पण आवाजात त्याचा मागमूस लागू देत नाही. मी तेव्हा गाडी चालवत होते, बाजूला घेऊन थांबवावी लागली.

पुढच्या अंकासाठी प्रश्न १० तारखेपर्यंत पाठवा. आणि होऊ घातलेल्या लेखकाने चौथा चॅप्टर पाठवला तर तो वाचायची तयारी आहे, फक्त बायकोची ओळख परत करून देऊ नये.